थंडी न पडलेला हिवाळा

हिवाळा या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात सगळीकडे सारखा नाही. विदर्भात किंवा खानदेशात पारा एक आकडी झाला की कडाक्याची थंडी पडली असे म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र पहाटेचे तापमान सतरा-अठरा अंशांवर आले, गवतावर दव दिसू लागले आणि उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने ओठ फुटू लागले की हिवाळा आला असे मानले जाते. किनाऱ्याची थंडी मुळातच उथळ असते, आणि म्हणूनच एखाद्या वर्षी ती दोन-तीन अंशांनी कमी पडली तर उरते ते जवळजवळ काहीच नाही. या प्रकरणात अशा ऊबदार हिवाळ्याचा विचार एका किनारी गावाच्या आधाराने करायचा आहे. ते गाव म्हणजे करंजा.

करंजा हे आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. ब्रिटिश अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत हा सारा मुलूख पनवेलच्या नावाने येतो. द्रोणागिरीच्या डोंगराच्या कुशीत, धरमतर खाडीच्या मुखाशी हे गाव वसले असून पलीकडच्या काठावर रेवस दिसते. येथील कोळी मासेमारीवर जगतात, आणि भोवतालच्या आगरी वस्त्यांनी भातशेती, मिठागरे व खाडीची मासळी यांवर पिढ्यानपिढ्या संसार केला आहे. मासळी सुकवणे, वाल पिकवणे, आंब्याच्या मोहोराची वाट पाहणे ही या मुलखातील कामे हिवाळ्याच्या त्या थोड्याशा गारव्यावर बेतलेली आहेत, आणि म्हणून थंडी न पडण्याचा परिणाम येथे जितका स्पष्ट दिसतो तितका तो कडक थंडीच्या प्रदेशातही दिसत नाही.

किनाऱ्याची थंडी किती खोल?

भारतीय हवामान विभाग वर्षाचे चार भाग पाडतो आणि त्यात केवळ जानेवारी व फेब्रुवारी या दोन महिन्यांना हिवाळा म्हणतो. लोकांच्या समजुतीतला हिवाळा मात्र दिवाळीनंतर सुरू होतो आणि माघ सरेपर्यंत चालतो. मुंबई परिसरात हवामान विभागाची दोन जुनी केंद्रे आहेत. जानेवारीत सांताक्रूझ येथे किमान तापमानाची सरासरी सुमारे १७ अंश सेल्सिअस असते, तर समुद्राला अगदी लागून असलेल्या कुलाब्याला ती १९ ते २० अंशांच्या दरम्यान राहते. किमान तापमान म्हणजे चोवीस तासांतले सर्वांत कमी तापमान, आणि ते बहुधा सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. या दोन केंद्रांत सरळ रेषेने मोजले तर वीसएक किलोमीटरच अंतर असेल, तरी त्यांच्या पहाटेत दोन-अडीच अंशांचा फरक पडतो, यावरून समुद्राचे सान्निध्य थंडीला किती बोथट करते हे कळते.

त्याचे कारण पाण्याच्या गुणधर्मात आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात एक किलो कोरडी माती तेवढीच तापते, म्हणून जमीन लवकर तापते व लवकर निवते, तर समुद्र दोन्ही बाबतींत सावकाश असतो. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, त्याला खारे वारे म्हणतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड झाली की वाऱ्याची दिशा उलटते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. करंजाच्या पहाटेचा गारवा याच मतलई वाऱ्यांचा असतो, आणि त्यांना उत्तर भारतातून उतरणाऱ्या थंड, कोरड्या हवेची जोड मिळाली तरच तो खऱ्या थंडीपर्यंत पोहोचतो.

किनारी केंद्रांसाठी थंडीच्या लाटेचा निकषही वेगळा आहे. किमान तापमान १५ अंशांपर्यंत किंवा त्याखाली उतरले आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले, तर किनाऱ्यावर थंडीची लाट आली असे म्हणता येते. सपाट प्रदेशात हीच मर्यादा १० अंशांची आहे. म्हणजे रोजचा साधा गारवा आणि अधिकृत थंडीची लाट यांच्यात किनाऱ्यावर चार-पाच अंशांचेच अंतर असते. सांताक्रूझ केंद्रावरचा आजवरचा नीचांक ७.४ अंशांचा असून तो २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदला गेला; परंतु तो अपवाद होता, आणि शेती असो वा मासेमारी, नेहमीच्या कामांना आधार असतो तो त्या चार-पाच अंशांच्या पट्ट्याचा. त्या पट्ट्यातून दोन अंश वजा झाले तर निम्मा हिवाळा वजा झाला, असा येथील हिशेब आहे.

थंडी अडते कशी?

उत्तर भारतात थंडी पोहोचवण्याचे काम पश्चिमी विक्षोभ करतात. भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींना हे नाव आहे. त्या हिमालयात बर्फ आणि उत्तरेच्या मैदानांत पाऊस देतात, आणि त्या पुढे सरकल्यावर त्यांच्या मागून येणारी थंड हवा राजस्थान व गुजरातवरून कोकणापर्यंत उतरते. हे विक्षोभ दुबळे राहिले, किंवा त्यांच्यामागून येणाऱ्या उत्तरी वाऱ्यांची वाट मध्येच दुसऱ्या वाऱ्यांनी अडवली, तर कोकणात थंडी येत नाही.

दुसरा अडथळा ढगांचा आणि बाष्पाचा. सूर्यास्तानंतर जमीन आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशात सोडते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ही उष्णता निघून जाते, जमीन निवते आणि दव पडते; ढग आणि बाष्प असेल तर तीच उष्णता शोषली जाऊन काही अंशी खाली परत येते आणि रात्र ऊबदार राहते. याचे चांगले उदाहरण २०२४ च्या अखेरीस मिळाले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्रात उतरले, आणि त्यांच्यामुळे महाराष्ट्रावर उत्तरेच्या वाऱ्याऐवजी पूर्व व आग्नेयेचे दमट वारे वाहू लागले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांताक्रूझचे कमाल तापमान ३७ अंशांच्या वर गेले. वारे पुन्हा उत्तरेचे होताच काही दिवसांतच तेथील किमान तापमान १४ अंशांच्या खाली आले. हिवाळा असणे आणि नसणे हे वाऱ्याच्या दिशेवर किती अवलंबून आहे, हे त्या एका आठवड्याने दाखवले.

वाऱ्याचे हे खेळ दरवर्षी चालतात. त्यांच्या मुळाशी असलेली पातळीच आता वर सरकत आहे, ही गोष्ट मात्र निराळी आणि अधिक गंभीर आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षी देशाचे सरासरी कमाल तापमान १९९१ ते २०२० या काळाच्या सरासरीहून ०.२० अंशाने अधिक होते, तर सरासरी किमान तापमान ०.९० अंशाने अधिक होते. दिवसांपेक्षा रात्री कितीतरी अधिक तापल्या, असा या दोन आकड्यांचा अर्थ आहे, आणि ज्या किनाऱ्याचा हिवाळा रात्रीतच असतो त्याच्यासाठी याहून महत्त्वाची दुसरी नोंद नाही. हरितगृह वायू व बाष्प यांनी रात्रीची उष्णता रोखणे हे त्याचे जगभर लागू पडणारे कारण आहे. उरण-पनवेल पट्ट्यात त्याला एका स्थानिक कारणाची भर पडते: न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये बंदर सुरू झाल्यापासून भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी कंटेनरची आवारे, रुंद रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या, आणि काँक्रीट दिवसा साठवलेली उष्णता रात्रभर हळूहळू सोडत राहते.

मोहोर की पालवी

ऊबदार हिवाळ्याचा सर्वांत आधी जाणवणारा परिणाम आंब्यावर दिसतो. आंब्याच्या फांदीच्या टोकाशी असलेल्या डोळ्यातून पुढे काय फुटणार, कोवळी पालवी की मोहोर, हे आधी ठरलेले नसते. नियंत्रित तापमानात झाडे ठेवून केलेल्या प्रयोगांत असे आढळले आहे की रात्री १५ अंशांच्या आसपास असतील तर डोळ्यातून मोहोर येतो आणि रात्री २५ अंशांच्या जवळ राहिल्या तर पालवी येते. झाडाच्या शरीरातील जिबरेलिन नावाचे संजीवक पालवीच्या बाजूने कौल देते, तर पक्व पानांत थंडीमुळे तयार होणारा संदेश मोहोराच्या बाजूने काम करतो. किनाऱ्यावर थंडी इतकी कडक सहसा नसते, तरी हापूस मोहोरतो, याचे कारण फांदीचे वय: चार-पाच महिने जून झालेल्या फांदीला थोडा गारवाही पुरतो. परंतु पावसाळा लांबून ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी पालवी फुटली असेल, तर ती फांदी कोवळी राहते, तिला अधिक थंडी लागते, आणि नेमकी तीच मिळत नाही. अशा वर्षी बागेत एकाच झाडाच्या अर्ध्या भागावर तांबूस कोवळी पाने आणि उरलेल्या अर्ध्यावर तुरळक तुरे असे दृश्य दिसते.

बागायतदार यावर पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवक वापरतात. ते पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती मातीत दिले जाते, जिबरेलिनची निर्मिती रोखते आणि मोहोर लवकर आणते; थंडीचे काम काही प्रमाणात रसायनाकडून करून घेण्याचाच हा प्रकार आहे. मात्र मोहोर आला म्हणजे संकट टळत नाही. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे वाढतात, भुरी पडते, आणि फवारण्यांची संख्या व खर्च दोन्ही वाढतात. पुढे फेब्रुवारी-मार्चात उष्णता एकदम चढली तर सुपारीएवढ्या कैऱ्या गळतात, आणि फळ तयार होताना जमिनीच्या उष्णतेची झळ बसल्यास हापूसच्या गरात साका होतो, म्हणजे बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबटसर भाग तयार होतो.

अशी उंबऱ्यावर अडणारी पिके जगात इतरत्रही आहेत. जर्मनीत वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांपासून आइसवाइन करतात आणि त्यासाठी तापमान उणे ७ अंशांपर्यंत उतरावे लागते. २०१९-२० चा हिवाळा युरोपात तोवरच्या नोंदींतला सर्वांत ऊबदार ठरला आणि त्या हंगामात जर्मनीच्या एकाही द्राक्षप्रदेशात आइसवाइन होऊ शकली नाही. जर्मनीचा उंबरा शून्याखाली सात अंशांवर आणि कोकणाचा पंधरा-वीस अंशांवर असला, तरी नियम एकच आहे: पिकाला हवी असलेली थंडी थोडक्यात चुकली तरी ती पूर्णपणे चुकलेलीच असते.

वाल, दव आणि पोपटी

भात कापून झाल्यावर उरण, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात खाचरांत वाल पेरतात. या पिकाला पाणी दिले जात नाही. जमिनीत उरलेला ओलावा आणि पहाटेचे दव यांवर ते तगते. थंडीमुळे ओलावा उडण्याचा वेग कमी राहतो आणि दवामुळे पाने पहाटे काही तास ओली व तजेलदार राहतात, म्हणजे गारवा हेच या पिकाचे पाणी होय. हिवाळा ऊबदार गेला तर माती आधीच भेगाळते, ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, फुले गळतात आणि शेंगा आखूड व किडक्या राहतात. कडव्या वालाचे बिरडे या मुलखात वर्षभर होते, पण ज्या दाण्याचे ते होते तो याच तीन-चार महिन्यांत आणि याच नाजूक समतोलावर भरतो.

शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा रचायच्या, मधूनमधून बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी ठेवायची, पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करायचे आणि मडके शेतातच उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या व गोवऱ्या पेटवायच्या. मडक्यात पाण्याचा थेंबही नसतो. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा वाफ होऊन आतले सारे शिजवतो, आणि पाल्याचा उग्र वास दाण्यात उतरतो. वाल रसदार नसेल तर ही वाफच पुरेशी होत नाही आणि शेंगा करपतात. त्यातच जाळाभोवती कोंडाळे करून बसण्यासाठी अंगाला थंडी वाजावी लागते. हिवाळा ऊबदार असेल तर पोपटीही बिघडते आणि बैठकही, आणि एका पिकाच्या नुकसानीबरोबर गावाच्या एकत्र बसण्याचे एक निमित्तही उणे होते.

सुकी मासळी आणि मीठ

कोळीवाड्यांत हिवाळा हा सुकवणीचा काळ आहे. डोल जाळ्यात सापडलेला बोंबील ताजेपणी अगदी मऊ व पातळ असतो, कारण त्याच्या वजनाचा ८५ ते ९० टक्के भाग पाणीच असते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी बांबूवर किंवा दोरीवर टांगली जाते, आणि दोनतीन दिवसांत तीच लुसलुशीत मासळी ताठ व हलकी होते. हे काम केवळ उन्हाने होत नाही. कोरडा वारा पाणी ओढून घेतो आणि रात्रीचा गारवा तोवर मासा नासू देत नाही, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. हवा उष्ण आणि दमट असेल तर पाणी उडण्याआधीच मासा आतून मऊ पडतो, माशा बसतात, अळ्या होतात, आणि त्यावर अवकाळी पावसाची एक सर आली तर खळ्यावर पसरलेला जवळाही फेकून द्यावा लागतो. सुकवणी, राखण आणि विक्री ही कामे प्रामुख्याने कोळणींच्या हातात असल्याने बिघडलेल्या हिवाळ्याचा पहिला आर्थिक फटका त्यांनाच बसतो. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा घराला आधार असतो तो याच सुक्या मासळीचा.

मिठागराचा हिशेब मात्र याच्या उलट आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेऊन, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवून, ते दाट होईपर्यंत आटवले की मीठ धरू लागते. कोरडी उष्णता लवकर आली तर मीठही लवकर पिकते, म्हणून ऊबदार पण निरभ्र हिवाळा आगरावर राबणाऱ्याला लाभाचा ठरतो. तोच हिवाळा ढगाळ असून एखादा पाऊस घेऊन आला तर वाफ्यातील मीठ विरघळून महिन्याची मेहनत वाया जाते. एकच ऋतू शेजारच्या दोन धंद्यांना वेगवेगळा लागतो, त्यामुळे ऊबदार हिवाळा चांगला की वाईट या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणाचे काम, कोणता आठवडा आणि हवा कोरडी की दमट, हे विचारावे लागते.

घरातला हिवाळा

मलेरियाला मराठीत हिवताप म्हणतात, कारण त्यात हीव भरते. परंतु त्याच्या जंतूला स्वतःला थंडी मानवत नाही. डासाच्या शरीरात या जंतूची वाढ पूर्ण झाल्याशिवाय डास रोग पसरवू शकत नाही. तापमान २८ अंशांच्या आसपास असले तर ही वाढ नऊ-दहा दिवसांत होते, २० अंशांजवळ तिला तीन-चार आठवडे लागतात, आणि १६ अंशांखाली ती जवळजवळ थांबते. सर्वसाधारण डास फार दिवस जगत नसल्याने गार हिवाळ्यात बहुतेक डास रोग पसरवण्याआधीच मरतात. ऊबदार हिवाळा हा नैसर्गिक अटकाव काढून घेतो. म्हणून ज्या वर्षी जानेवारीतही पंखा बंद करावासा वाटत नाही, त्या वर्षी पिंपांवरची झाकणे, साचलेले पाणी आणि मच्छरदाणी यांकडे पावसाळ्याइतकेच लक्ष द्यावे लागते.

संक्रांतीचा तीळगूळ, डिंकाचे लाडू, पहाटेची शेकोटी ही सारी थंडीला दिलेली उत्तरे आहेत. थंडी नसताना ती केवळ रीत म्हणून उरतात, आणि रीतीमागचे कारण अनुभवाला न आल्यामुळे पुढच्या पिढीला ती सांगून समजवावी लागतात.

ऋतू लवकर सरतो तेव्हा

ऊबदार हिवाळ्याचे दुसरे लक्षण म्हणजे त्याचा आखूडपणा. १९०१ पासूनच्या नोंदींत फेब्रुवारी २०२५ हा भारतातील सरासरी तापमानाच्या दृष्टीने सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्याआधी फेब्रुवारी २०२३ ने कमाल तापमानाचा उच्चांक केला होता. २५ आणि २६ फेब्रुवारी २०२५ या दोन दिवसांसाठी मुंबई, ठाणे व रायगड जिल्ह्यांना उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला आणि सांताक्रूझचा पारा ३८ अंशांच्या वर गेला. सह्याद्रीवरून उतरणारे पूर्वेचे वारे खाली येताना दाबले जाऊन तापतात, आणि त्यांच्या जोराने खारे वारे दुपार उलटेपर्यंत किनाऱ्यावर येऊ शकत नाहीत, हे अशा दिवसांचे नेहमीचे कारण आहे. असे दिवस पूर्वीही येत. सांताक्रूझचा फेब्रुवारीतला ३९.६ अंशांचा उच्चांक १९६६ चा आहे. नवी गोष्ट आहे ती अशा दिवसांच्या मागची पातळी वर सरकल्याची.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे मराठी घरांत सांगतात. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, म्हणजे ज्या दिवशी थंडीला निरोप द्यायचा त्याच दिवशी किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. लोकोक्ती हे शेकडो वर्षांच्या निरीक्षणाचे टिपण असते, आणि ते टिपण चुकू लागले तर नवे टिपण करणे हाच शहाणपणा ठरतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे हवामानावर आधारित सल्ले बागायतदारांना फवारणीची वेळ ठरवण्यास मदत करतात. त्यांच्या जोडीला गावोगावच्या शाळांनी, सोसायट्यांनी आणि ग्रामपंचायतींनी पहाटेचे किमान तापमान, पहिल्या दवाची तारीख, पहिल्या मोहोराची तारीख आणि वालाची पहिली शेंग यांची वही ठेवली, तर आपल्या गावाचा हिवाळा किती उरला आहे हे कळण्यासाठी दूरच्या केंद्राकडे पाहावे लागणार नाही. करंजासारख्या गावाला याची गरज अधिक आहे, कारण त्याच्या वाट्याची थंडी मुळातच चार-पाच अंशांची आहे. ती कमी होत असताना निदान प्रत्येक अंशाची नोंद असावी, म्हणजे पेरणीची, सुकवणीची आणि फवारणीची वेळ आठवणीतल्या हिवाळ्यावर न ठरवता अंगणात खरोखर आलेल्या हिवाळ्यावर ठरवता येईल.